दोन भारीट : एक विपुल, एक विरळ

(फुलंब्री तालुक्यातील प्राथमिक शिक्षकांपुढे दिलेले भाषण)



रब्बीच्या ज्वारीची कणसे बाहेर पडून त्यांत चीक भरू लागला, की गिरिजेच्या खोऱ्यातील शेतांवर पाखरांचे थवे उतरू लागतात. शेतकरी माळ्यावर चढतो, गोफण फिरू लागते, पत्र्याचे डबे वाजतात, आणि शेताच्या एका टोकाकडून उठलेला थवा दुसऱ्या टोकास जाऊन बसतो. ही कोणती पाखरे, असे शाळेतील मुलांस विचारले तर बहुधा ‘चिमण्या’ एवढेच उत्तर मिळते. ते उत्तर अगदीच चूक नाही. त्या थव्यांत चिमण्या असतात, सुगरणी असतात, मुनियाही असतात. परंतु त्यांच्यातच एक दूरदेशीचा पाहुणा मोठ्या संख्येने मिसळलेला असतो, आणि त्याची ओळख मुलांसच काय, पुष्कळशा मोठ्या माणसांसही नसते. या पाहुण्याचे नाव काळ्या डोक्याचा भारीट.

त्याचाच एक भाऊबंद आहे. त्याचे नाव पिवळ्या छातीचा भारीट. तो फुलंब्रीस येत नाही. भारतात तो हिवाळ्यात ईशान्येकडील प्रांतांत व हिमालयाच्या पायथ्याच्या पूर्व भागात उतरतो. मग ज्या पक्ष्याचे दर्शन या तालुक्यातील मुलांस कधी घडणार नाही, त्याची हकीकत येथे कशासाठी सांगावयाची, असा प्रश्न सहजच उभा राहील. त्याचे उत्तर असे, की हे दोन पक्षी रूपाने, आहाराने व सवयींनी एकमेकांच्या फार जवळचे आहेत; पन्नास वर्षांपूर्वी दोघेही सारखेच विपुल समजले जात; आणि आज त्यांपैकी एक निर्धास्त आहे, तर दुसरा पृथ्वीवरून नाहीसा होण्याच्या सीमेवर येऊन ठेपला आहे. हा फरक कशाने पडला ते समजून घेतले म्हणजे शेतातील त्या थव्याकडे पाहण्याची दृष्टीच पालटते.

प्रथम घरच्या पाहुण्याची ओळख करून घेऊ. काळ्या डोक्याचा भारीट चिमणीहून किंचित मोठा व अंगाने लांबट असतो. नराची पाठ तांबूस तपकिरी, गळ्यापासून पोटापर्यंतचा सर्व भाग हळदीसारखा पिवळा आणि डोके काळे. मात्र नोव्हेंबरात आलेल्या पक्ष्याचे डोके स्वच्छ काळे दिसेल अशी अपेक्षा धरू नये. नव्या पिसांच्या कडा फिकट तपकिरी असतात व त्यांच्याखाली काळा रंग झाकलेला असतो. जसजशा त्या कडा झिजतात, तसतसा काळा रंग वर येतो. आणि फाल्गुन-चैत्रात पक्षी परत निघतो तेव्हा काळी टोपी घातल्यासारखा दिसू लागतो. मादी मात्र मातकट, फिकट, शेपटीच्या बुडाशी थोडी पिवळसर, आणि ओळखण्यास कठीण. याच थव्यांत लाल डोक्याचा भारीट म्हणून आणखी एक जात मिसळलेली असते. तिच्या नराचे डोके व छाती तांबूस असते. परंतु दोन्ही जातींच्या माद्या इतक्या सारख्या, की त्यांपुढे तज्ज्ञही अडखळतात. तेव्हा मुलाने मादी ओळखता येत नाही असे म्हटले, तर ते त्याचे अज्ञान समजू नये. सुगरणीशी घोटाळा होऊ नये म्हणून एक खूण पुरेशी आहे : सुगरणीची शेपटी आखूड असते, भारिटाची लांब व टोकाशी दुभंगलेली असते.

शास्त्रज्ञ भारिटांस गायक पक्ष्यांत घालतात. स्वरयंत्राच्या स्नायूंची रचना ही या वर्गाची खूण आहे. पण आपला पाहुणा येथे असतो तोपर्यंत सहसा गात नाही. थव्यात बारीक चिवचिव करतो एवढेच. त्याचे गाणे त्याच्या माहेरी ऐकावे लागते. ते माहेर म्हणजे ग्रीस, बाल्कन देश, तुर्कस्तान आणि इराण. तेथे मे-जूनमध्ये तो झुडपांत जमिनीपासून थोड्याच उंचीवर घरटे बांधतो व पिल्लांस किडे-अळ्या भरवितो. शरदात तो निघतो आणि इराण व सिंध ओलांडून पश्चिम व मध्य भारतात उतरतो. ग्रीसमधून निघालेल्या पक्ष्यास मराठवाड्यापर्यंत सुमारे पाच हजार किलोमीटर यावे लागते.

या प्रवासात एक गंमत आहे आणि भूगोलाच्या तासाला ती अवश्य सांगावी. हिवाळा टाळण्यासाठी युरोपातील बहुतेक पक्षी दक्षिणेस, आफ्रिकेकडे जातात. ग्रीसच्या भारिटास आफ्रिका जवळ आहे. तरी तो तिकडे जात नाही, पूर्वेचा लांबचा रस्ता धरतो. पळसमैना, म्हणजे शेतकऱ्यांची भोरडी, हिचाही मार्ग असाच पश्चिमेकडून पूर्वेकडे आहे. हे पक्षी मूळचे पूर्वेकडचे असून नंतर पश्चिमेस पसरले आणि हिवाळ्याची जुनी वाट मात्र त्यांनी सोडली नाही, असा तर्क केला जातो. माणसाच्या घराण्यांतही असे होते. गाव सुटते, कुळदैवताची यात्रा सुटत नाही.

आता दुसरा भाऊ. पिवळ्या छातीचा भारीट थोडा लहान असतो. विणीच्या दिवसांत त्याच्या नराचा चेहरा काळा, डोके व पाठ गर्द तांबूस, खांद्यावर पांढरा डाग आणि पिवळ्याधमक छातीवर आडवा तपकिरी पट्टा असतो. जणू कोणी गळ्याभोवती बारीक गोफ घातला आहे. तो ओलसर गवताळ कुरणांत जमिनीवर घरटे करतो. त्याचे माहेर केवढे मोठे होते ते नकाशावर पाहावे. पश्चिमेस फिनलंडपासून पूर्वेस कामचाटका व उत्तर जपानपर्यंत, संपूर्ण सायबेरिया व्यापून, तो वीण घालीत असे. उत्तर युरोप-आशियात एवढ्या विस्तृत प्रदेशावर एवढ्या संख्येने राहणारे लहान पक्षी थोडेच होते.

आणि या भावानेही पूर्वेचीच वाट धरली. फिनलंडमधील भारीट हिवाळा आला की दक्षिणेस न वळता प्रथम सायबेरियातून पूर्वेकडे जात, मग चीनमधून दक्षिणेस उतरून ब्रह्मदेश, थायलंड, आसाम व बंगाल या भागांतील भातखाचरांत पोहोचत. म्हणजे खंडभर पसरलेले सारे पक्षी वर्षातून दोनदा चीनच्या पूर्व भागातून जावयाचे. जत्रेला दहा वाटांनी आलेले लोक एकाच वेशीतून आत जावेत, तसा हा प्रकार होता. ती वेसच त्यांना घातक ठरली.

दक्षिण चीनमध्ये या पक्ष्यास ‘भातफुलाचे पाखरू’ अशा अर्थाचे नाव आहे. भाताच्या दाण्यांवर पोसलेले हे पाखरू खाण्यास चविष्ट व शक्तिवर्धक असते, अशी तेथील समजूत. पक्षी रात्री बोरूच्या बनात हजारोंनी एकत्र झोपावयास येतात; तेथे जाळी लावली की एका रात्रीत सारा थवा हाती लागतो. गावातील लोक आपल्यापुरते पकडीत होते तोवर निभावले. परंतु १९८० नंतर चीनमध्ये पैसा वाढला, उपाहारगृहे वाढली, थंड करून माल दूरवर नेण्याची सोय झाली, आणि गावचे खाद्य शहरातील श्रीमंतांच्या मेजवानीचा पदार्थ बनले. २००१ साली एकट्या क्वांगतुंग प्रांतात सुमारे दहा लाख पक्षी खाल्ले गेले असावेत असा अंदाज आहे. चीन सरकारने १९९७ मध्येच या धरपकडीस बंदी घातली होती. बंदीनंतर व्यापार चोरून चालू राहिला व भाव मात्र वाढले.

याचा परिणाम काय झाला ते आकड्यांनी पाहिलेले बरे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात युरोप-आशियातील निरनिराळ्या देशांच्या जुन्या नोंदी एकत्र करण्यात आल्या. १९८० ते २०१३ या तेहेतीस वर्षांत या पक्ष्याची संख्या ८४ ते ९५ टक्क्यांनी घटली, आणि त्याच्या वीण घालण्याच्या प्रदेशाची पश्चिमेकडील सीमा सुमारे पाच हजार किलोमीटर पूर्वेस सरकली, असे त्यांतून निघाले. फिनलंडमधून वीण घालणारा पक्षी नाहीसा झाला. पाच हजार किलोमीटर म्हणजे आपल्या भारिटाचा ग्रीस ते फुलंब्री हा सारा प्रवास. तेवढी भूमी त्याच्या भावाने एका पिढीत गमावली.

जगातील प्राण्यांच्या स्थितीची नोंद आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघ ठेवतो. या संघाची लाल यादी प्रसिद्ध आहे. २००० सालापर्यंत पिवळ्या छातीचा भारीट या यादीत ‘चिंता नाही’ अशाच वर्गात होता. २००४ मध्ये तो ‘संकटाच्या जवळ’ आला, २००८ मध्ये ‘असुरक्षित’, २०१३ मध्ये ‘संकटग्रस्त’, आणि २०१७ मध्ये ‘अतिसंकटग्रस्त’ ठरला. या शेवटच्या वर्गाच्या पुढची पायरी म्हणजे रानात नाहीसे होणे. तेरा वर्षांत चार पायऱ्या! आणि ध्यानात घ्यावयाची गोष्ट ही, की यादीत पहिली पायरी लागली तेव्हा बंदीचा कायदा होऊन सात वर्षे झाली होती व पक्षी तर त्याहून बराच आधीपासून कमी होत होते. यादी ही पावसाच्या मोजमापासारखी असते. पडून गेलेल्या पावसाचेच ती माप सांगते.

काळ्या डोक्याचा भारीट त्याच यादीत आजही ‘किमान चिंता’ या वर्गात आहे. लाल डोक्याचाही तेथेच आहे. याचे श्रेय पक्ष्यांस देता येणार नाही. आपला भारीट काही अधिक चतुर नाही, अधिक पिल्ले घालतो असेही नाही. तोही थव्याने राहतो, एकत्र झोपतो, धान्यावर पोसतो; त्याच्या भावाच्या नाशास जे गुण कारण झाले ते सारे त्याच्या ठायीही आहेत. फरक आहे तो वाटेचा. त्याच्या वाटेवर त्याच्यासाठी तेवढी मोठी बाजारपेठ उभी राहिली नाही. याच कुळातील तिसरा एक भारीट फ्रान्समध्ये खवय्यांच्या आवडीचा म्हणून पिढ्यानुपिढ्या जाळ्यात पकडला जात असे, आणि तेथेही कायदे होऊनही तो प्रकार लवकर थांबला नाही. तेव्हा ही हौस एखाद्याच देशाची आहे असे मानून चिन्यांस नावे ठेवण्याचे कारण नाही.

विपुल ते सुरक्षित, ही समजूत किती फसवी आहे हे सांगण्यासाठी खरे म्हणजे चीनपर्यंत जाण्याचीही गरज नाही. गावातील साठीच्या पुढील कोणालाही विचारावे. गुरू मेले की तासाभरात आकाशातून गिधाडे उतरत आणि संध्याकाळपर्यंत सांगाडा उरे. १९९० नंतरच्या थोड्याच वर्षांत गिधाडे गेली. जनावरांना वेदनाशामक म्हणून देण्यात येणारे डायक्लोफेनॅक हे औषध मेलेल्या गुरांच्या मांसातून त्यांच्या पोटात जात होते, हे कारण कळेपर्यंत पुष्कळ उशीर झाला. जनावरांसाठी त्या औषधावर २००६ मध्ये बंदी आली. गिधाड नाहीसे होईल असे १९८० साली कोणी म्हटले असते तर लोक हसले असते.

आता शेतकऱ्याच्या बाजूचा विचार केला पाहिजे, कारण शिक्षकाने वर्गात पक्ष्यांविषयी दोन शब्द सांगितले की दुसऱ्या दिवशी पालक विचारतात, "गुरुजी, पाखरांनी कणसे रिकामी केली, आणि तुम्ही पोरांना पाखरे राखायला सांगता?" या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर दिले पाहिजे. पुष्कळ पुस्तकांत पक्षी हा शेतकऱ्याचा मित्र, तो किडे खातो, असे सरसकट लिहिलेले असते. भारिटाच्या बाबतीत असे सांगणे म्हणजे खोटी वकिली होईल. किडे तो आपल्या पिल्लांसाठी मारतो, पण ते तुर्कस्तानात. आपल्याकडे तो दाणे खातो, ज्वारीचे खातो, गव्हाचे खातो, आणि उभ्या पिकाचे खातो. मोठ्या थव्यांमुळे नुकसान होते हे खरे आहे. ते नाकारून मुलांचा विश्वास गमावण्यापेक्षा मान्य करून पुढे जावे.

पुढची गोष्ट अशी, की हे नुकसान आताच अधिक का जाणवू लागले ते पाहावे. पूर्वी गावाच्या शिवारात चहूकडे ज्वारी असे. थवा मोठा असला तरी शेकडो शेतांवर वाटला जाई व प्रत्येकाच्या वाट्याला थोडे नुकसान येई. आता या भागात मका, कापूस व अद्रक यांनी शिवार व्यापले आहे. मक्याचे कणीस पानांच्या वेष्टनात असते, भारिटाची चोच तेथे चालत नाही. कापसात आणि अद्रकात त्याला खाण्यासारखे काही नाही. मग साऱ्या शिवारात ज्याने एकट्याने ज्वारी पेरली, त्याच्यावर सगळा थवा पडतो. राखणीला माणूस मिळत नाही, पोरे शाळेत असतात आणि म्हातारी माणसे गोफण फिरवू शकत नाहीत. पुढच्या वर्षी तो शेतकरीही ज्वारी सोडतो. ज्वारी गेली म्हणजे कडबा गेला, कडब्याबरोबर बैल गेले, आणि हुरड्याची आगटी आता शहरी पाहुण्यांसाठी पैसे घेऊन पेटते. यात भारिटाचा दोष किती व माणसाच्या निवडीचा किती, हे ठरविणे सोपे नाही. परंतु पाखरू व शेतकरी दोघेही एकाच दोरीला धरून आहेत एवढे दिसते. ज्वारी राहिली तर दोघेही राहतील. आणि जवळपासच्या चार-सहा शेतकऱ्यांनी मिळून एका पट्ट्यात ज्वारी पेरली तर नुकसानही वाटले जाईल. हा उपाय नवा नाही. शेजाऱ्याने पेरले की आपणही पेरावे, ही जुनी रीत काही केवळ देखादेखीची नव्हती.

राखणीविषयी मुलांस स्पष्ट सांगावे. गोफण फिरविणे, आरडाओरड करणे, बुजगावणे उभे करणे, चमकत्या फिती बांधणे, हे सर्व शेतकऱ्याचे न्याय्य उपाय आहेत. जाळे लावणे व विषारी दाणे टाकणे हे नव्हेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अशा पक्ष्यांस पकडणे व मारणे हा गुन्हा ठरविला आहे. विषाचा आणखी एक धोका असा, की ते दाणे भारीट, कबूतर, तितर आणि घरची कोंबडी यांत भेद करीत नाहीत. मोठ्या माणसांस उपदेश करण्याच्या भरीस शिक्षकाने पडू नये. मुलगा घरी जाऊन विचारतो तो प्रश्न पुरेसा असतो.

परंतु शिक्षकाच्या हाती याहून मोठे एक काम आहे, आणि ते कायद्याच्या हातचे नाही. पिवळ्या छातीच्या भारिटाचा नाश जगाला कळला तो कशाने? फिनलंड, रशिया, जपान येथील काही माणसांनी वर्षानुवर्षे एकाच कुरणात जाऊन पक्षी मोजले होते म्हणून. त्यांपैकी पुष्कळांना तेव्हा कल्पनाही नव्हती की आपण एका नाशाची नोंद ठेवीत आहोत. ज्या प्रदेशांत कोणी मोजले नव्हते, तेथे पक्षी केव्हा गेले हे सांगता येत नाही. या जुन्या नोंदींच्या बळावरच पुढे हालचाल झाली. २०२१ मध्ये चीनने या पक्ष्यास आपल्या कायद्यात सर्वोच्च संरक्षण दिले, आणि रशियाच्या पूर्व भागात काही ठिकाणी संख्या सावरत असल्याच्या नोंदीही अलीकडे आल्या आहेत.

मराठवाड्यातही मोजणीची परंपरा अगदीच नाही असे नाही. हा जिल्हा हैदराबाद संस्थानात होता तेव्हा, १९३१ च्या सुमारास, डॉ. सलीम अली यांनी त्या संस्थानाच्या पक्ष्यांची पाहणी केली व ती मुंबईच्या निसर्ग इतिहास मंडळाच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. पण एका अभ्यासकाची पाहणी ही काही आठवड्यांची असते. प्रत्येक गावात वर्षभर असणारी संस्था एकच, ती म्हणजे प्राथमिक शाळा. वाडीवस्तीवर जेथे दुसरे काही नाही तेथेही ती आहे. महाराष्ट्र शासन ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळते. त्याच्या प्रारंभी मारुती चितमपल्ली यांचा व शेवटी सलीम अलींचा जन्मदिवस येतो. योगायोग असा, की भारिटांचे थवे शिवारात दाखल होण्याचा काळही तोच आहे.

यासाठी दुर्बीण किंवा अनुदान लागत नाही. साधी शंभर पानी वही पुरते. चौथीच्या वर्गातील दोन मुले व त्यांच्यासोबत एक वडील माणूस, आठवड्यातून एक दिवस, सकाळी ऊन चढण्यापूर्वी, दर वेळी त्याच बांधावरून जावीत. तारीख, शेतातील पीक, थवा दिसला की नाही, आणि साधारण संख्या लिहावी. संख्या मोजता येत नसेल तर प्रथम दहा पक्षी मोजून तेवढ्या जागेचा अंदाज घ्यावा, आणि सारा थवा अशा किती जागा व्यापतो ते पाहावे. गणिताच्या तासाला हा सराव उत्तम होतो. काळ्या डोक्याचे नर स्पष्ट दिसले तर ते वेगळे लिहावेत. मादीपुढे ‘भारीट, जात अनिश्चित’ असे लिहिण्यास संकोच करू नये. चुकीच्या नावापेक्षा ही नोंद अधिक मोलाची. पहिला थवा कोणत्या तारखेस आला व शेवटचा कोणत्या तारखेस दिसला, या दोन तारखा वहीच्या पहिल्या पानावर तांबड्या शाईने घ्याव्यात. शिक्षकाची बदली झाली तर वही शाळेच्या दप्तरात राहावी, नव्या शिक्षकाच्या सुपूर्द व्हावी, आणि पुढच्या कार्तिकात तोच बांध पुन्हा पाहिला जावा.

मुले एक चूक हटकून करतात, ती आरंभीच सांगून ठेवावी. ज्या आठवड्यात पक्षी दिसले नाहीत त्या आठवड्यात ती काहीच लिहीत नाहीत, रकाना कोरा ठेवतात. कोऱ्या रकान्यावरून पाहणारा गेला नव्हता की पक्षी आला नव्हता हे पुढच्यास कळत नाही. त्या दिवशी बांधावर जाऊन आल्यावर वहीत तारखेपुढे शून्य लिहावयाचे.